तारकर्लीच्या पाठीमागचं मालवण

तारकर्लीची सहल बहुतेक घरांत एकाच ठशाने ठरते. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, दुसऱ्या दिवशी स्कुबा आणि पॅरासेलिंग, मग देवबागच्या संगमावर होडी, संध्याकाळी किनारा, रात्री सुरमईचं ताट आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. यात वाईट काहीच नाही. किल्ला पाहायलाच हवा आणि इथलं पाणीही स्वच्छ आहे. पण एवढ्या लांबून आलेला माणूस किनाऱ्यालगतची आठ-दहा किलोमीटरची पट्टी पाहून परत जातो आणि त्या पट्टीच्या पाठीमागे असलेला अख्खा मुलूख त्याच्या नजरेआड राहतो, याची मला खरोखर हळहळ वाटते. तो मुलूख पाहायला रजा वाढवावी लागत नाही. फक्त येण्याचा आणि जाण्याचा दिवस नीट वापरावा लागतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदी आहे. ती देवबागला समुद्राला मिळते. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसलं आहे. मालवणच्या उत्तरेला गड नदी आहे. ती कणकवलीवरून खाली येते, मसुऱ्याजवळ तिची रुंद खाडी होते आणि तळाशीलच्या टोकाशी ती समुद्रात शिरते. मालवण बंदराचं महत्त्व वाढण्याआधीपासून माणसं, माल, देव आणि लढाया या दोन खाड्यांच्या काठाने फिरत आल्या. म्हणून माझं सांगणं सोपं आहे: येताना कर्लीच्या काठाने या आणि जाताना गड नदीच्या काठाने जा. मधले दिवस समुद्राला द्या.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी कुडाळला उतरता. मालवण-तारकर्लीच्या बहुतेक लॉजमध्ये आणि घरगुती निवासांत खोली दुपारी बारानंतर मिळते. मग लोक धावतपळत तारकर्ली गाठतात आणि बॅगा घेऊन ओसरीवर बसून राहतात. हे चार-पाच तास वाया घालवू नका. स्टेशनवरच दिवसाच्या बोलीने रिक्षा किंवा गाडी ठरवा आणि थांबे आधीच सांगून टाका: पिंगुळी, नेरूरपार, धामापूर, मग मालवण. कुडाळ-मालवण अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे घाई करावी लागत नाही. कोल्हापूरकडून फोंडाघाटाने येणाऱ्यांना कणकवली आधी लागते. त्यांनी हाच बेत उलटा करावा.

पिंगुळी कुडाळच्या अगदी जवळ, महामार्गालगत आहे. गावात राऊळ महाराजांचा मठ आहे आणि बरेच भाविक तिथूनच परत फिरतात. त्यांनी गुढीपूरला, ठाकर समाजाच्या वस्तीतही जायला हवं. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेली चित्रकथी ही कला या समाजाने जपली. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, एका आख्यानाची सगळी चित्रं एकत्र ठेवून पोथी करायची आणि देवळात किंवा अंगणात बसून एकेक चित्र पुढे धरत, वाद्यांच्या साथीवर कथा सांगायची. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही याच घरांतला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

इथे जाण्याआधी एक दिवस फोन करा. वस्तू मांडलेल्या असतातच, पण खेळ दाखवायला माणसं जमवावी लागतात. चार-सहा जणांसाठीही खेळ होऊ शकतो, फक्त आधी सांगायला हवं. ठरलेलं मानधन घासाघीस न करता द्या. जमलं तर एखादं चित्र विकत घ्या, कारण ही कला कौतुकावर नाही, मागणीवर टिकते. मुलं बरोबर असतील तर त्यांना पुढे बसवा. बाहुली नाचवणाऱ्याच्या बोटांकडे पाहायला सांगा. दोऱ्याच्या एका झटक्यात लाकडाचा तुकडा मान वळवतो, हे मुलं विसरत नाहीत. इथे सव्वा-दीड तास धरा.

पिंगुळीहून कुडाळ शहरातून नेरूरच्या दिशेने निघा. वेळ असेल तर या टप्प्यात वालावलचा फाटा घ्या. कर्लीच्या काठच्या या गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे आणि देवळाला लागून तळं आहे. माडांच्या गर्दीत, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे देवस्थान मला सिंधुदुर्गातल्या सगळ्यांत देखण्या जागांपैकी एक वाटतं. दुपारच्या आरतीनंतर देऊळ थोडा वेळ शांत असतं, तेव्हा सभामंडपात बसून राहावं. पुढे नेरूरपारच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन थांबा. खाली दिसते ती तीच कर्ली, जिच्या मुखाशी दुसऱ्या दिवशी तुम्ही होडीत बसणार आहात. दोन्ही काठांवर कांदळवन, मधे संथ पाणी, एखादी होडी. देवबागच्या संगमावर इंजिनांच्या आवाजात ही नदी ओळखू येत नाही.

पूल ओलांडला की काळसे आणि मग धामापूर.

धामापूरच्या तलावाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण रस्त्यावरून जाणारी शेकडो वाहनं ‘तळं दिसलं’ म्हणून फोटो काढून निघून जातात. हा तलाव नैसर्गिक नाही. १५३० मध्ये विजयनगरच्या राजाचा मांडलिक नागेश देसाई याने धामापूर आणि काळसे गावांच्या मदतीने तो बांधून घेतला. दोन डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवली आणि वरच्या दाट रानातून झिरपणारं पाणी साठवलं. तो बांध जवळजवळ पाचशे पावसाळे सोसून आजही उभा आहे. कोकणातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. खालच्या शेतांना आणि बागांना हे पाणी मिळतं आणि मालवण शहराच्या नळालाही याच तलावाचं पाणी येतं. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये धामापूर तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला.

काठावर भगवती देवीचं देऊळ आहे आणि देवळापासून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गावात एक कथा सांगतात. पूर्वी कुणा गरिबाच्या घरी लग्न असलं की तो फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचा आणि ती परडी तलावात सोडायचा. परडी बुडायची आणि तसेच सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. लग्न झालं की दागिने परत पाण्यात सोडायचे, असा नेम. एकदा कुणीतरी ते ठेवून घेतले आणि तेव्हापासून देणं थांबलं. पाण्याकडून घेतलेलं पाण्याला परत द्यायचं, हा हिशेब तलाव सांभाळणाऱ्या गावाने गोष्टीत घालून ठेवला असावा, असं मला वाटतं.

आता सूचना. तलावात पोहू नका. तो खोल आहे आणि ते लोकांचं पिण्याचं पाणी आहे. साबण, शाम्पू, खरकटं, प्लास्टिक यांतलं काहीही काठावर नको. देवळाच्या मागच्या बाजूला रानातून जाणारी वाट आहे, तिच्यावर आवाज न करता थोडं चाला. या भागात धनेश दिसतो आणि दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज कानावर येतो. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतरचा उजेड इथे चांगला. पण सहलीच्या वेळापत्रकात दुपारी बाराच बसत असतील तरी या, देवळाच्या सावलीत गारवा असतो. इथून चौक्यावरून मालवण अर्ध्या तासाच्या आसपास आहे आणि तुमची खोली तयार असते.

मधल्या दिवसांचा कार्यक्रम तुम्हाला कुणीही आखून देईल, म्हणून त्यात दोन-तीन गोष्टींचीच भर घालतो. किल्ल्याच्या होडीत बसण्याआधी किंवा उतरल्यावर दांडीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ला बांधायला सुरुवात केली. त्या मुहूर्ताची पूजा या खडकापाशी झाली, असं मालवणात मानतात. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. धक्क्यापासून चालत जाण्याइतका जवळ असूनही बहुतेक पर्यटकांना तो माहीत नसतो. समोर समुद्रात किल्ला आणि पायाशी त्याची पहिली खूण, असं दोन्ही एका नजरेत येतं. किल्ल्याची भव्यता इथून जास्त कळते.

दुसरी गोष्ट रापण. तारकर्ली, देवबाग किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर गेलात आणि नशीब असलं तर माणसांच्या दोन रांगा समुद्रातून दोर ओढताना दिसतील. होडीने अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून ओढून आणायचं, अशी ही सामुदायिक मासेमारी आहे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात. ओढायला हात लावायचा असेल तर विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. जाळं वर आल्यावर मात्र गर्दी करून मधे उभं राहू नका, तो त्यांच्या कामाचा वेळ आहे. रोज रापण लागेलच असं नाही. यांत्रिक मासेमारी वाढल्यापासून ती कमी झाली आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी घरमालकाला विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट रात्रीची, आणि ती हंगामावर अवलंबून आहे. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार होतो. तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान आला असाल तर राहत्या घरी पहिल्याच दिवशी विचारा: ‘आज खंय जत्रा आसा?’ सिंधुदुर्गात त्या महिन्यांत जवळपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा असते. दशावतार पाहायला तिकीट नसतं. देवळापुढच्या अंगणात एका बाकावर राजा बसतो आणि तो बाक हेच सिंहासन. आधी आडदशावतार होतो. गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, संकासुराची गंमत होते आणि मग मुख्य आख्यान सुरू होतं. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बोलणं त्या रात्रीचं असतं. दिवसभर शेतीत किंवा नोकरीत राबलेला माणूस रात्री साडी नेसून राणी होतो आणि त्याच्या चालण्यातून पुरुष पार नाहीसा होतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. शाल घ्या, खाली बसायला चटई घ्या आणि बाहेरच्या दुकानातून मालवणी खाजा घ्या. आल्याच्या चवीच्या गुळात घोळवलेला हा खाजा जत्रेतला ताजा असेल तर त्याला तोड नाही.

आता परतीचा दिवस. खोली सकाळी सोडा, सामान गाडीत टाका आणि कोळंबच्या पुलावरून आचऱ्याच्या रस्त्याला लागा. वाटेत तोंडवळी-तळाशीलचा फाटा आहे. देवबागसारखीच ही पट्टी, पण गड नदीच्या मुखाशी आणि बरीच शांत. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मधे माड आणि मच्छीमारांची घरं. इथे पाण्यातले खेळ शोधू नका. किनाऱ्यावर चाला, खाडीच्या बाजूला होड्यांची डागडुजी पाहा. समुद्रात उतरण्याआधी मात्र गावकऱ्यांना विचारा, नदीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते.

आचऱ्याला रामेश्वराचं मोठं देवस्थान आहे. या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने, देवाच्या कौलाने ठरलेल्या दिवशी सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातं, झोपड्या बांधून तीन दिवस राहतं आणि पुन्हा कौल मिळाल्यावर परत येतं. तुमच्या सहलीत योगायोगाने गावपळण आली तर रिकामं गाव पाहायला आत शिरू नका. गाव रिकामं ठेवणं हाच त्या रूढीचा गाभा आहे. वेशीबाहेर राहुट्यांत लोक भेटतात, तिथे बोला.

आचऱ्याहून किंवा थेट मालवणहूनही मसुऱ्याला जाता येतं. मसुऱ्याच्या डोंगरावर भरतगड आहे. सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी १७०१ मध्ये तो बांधला. खाडीच्या पलीकडच्या काठावर, बरोबर समोर, भगवंतगड आहे. सावंतांना शह देण्यासाठी कोल्हापूरकडच्या बावडेकरांनी तो उभारला. दोन प्रतिस्पर्धी गड एका खाडीच्या दोन काठांवरून एकमेकांवर नजर ठेवून, आणि खालून गड नदीच्या याच, कालावलच्या खाडीतली वाहतूक. १८१८ मध्ये दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले. भरतगडावर आज आंब्याची खासगी बाग आहे. गड चढायला सोपा, तटबंदी चांगल्या स्थितीत. बागेतल्या माणसाला सांगून आत जा आणि झाडाला हात लावू नका. एका आंब्यावर त्याच्या वर्षाचा हिशेब असतो. तटावरून खाडीचं वळण दिसतं. किनाऱ्यावरचा कोकण आणि आतला कोकण कुठे जोडला जातो, ते या एका जागेवरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मसुऱ्याचीच एक वाडी म्हणजे आंगणेवाडी, भराडी देवीची. तिची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीच्या कौलाने दिवस ठरतो आणि तो साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो. त्या दिवसांत मुंबईहून चाकरमान्यांची अलोट गर्दी उतरते, खोल्या मिळत नाहीत आणि मालवणकडचे रस्ते भरतात. जत्रा अनुभवायची असेल तर जरूर या. नसेल तर तारीख जाहीर झाल्यावरच आरक्षण करा.

शेवटचा थांबा कुडोपी, आणि तो सगळ्यांना सुचवावा का, याचा मी विचार केला. मालवण तालुक्यातल्या या गावाच्या जांभ्याच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत: माणसांच्या आकृत्या, प्राणी, मासे आणि ज्यांचा उलगडा अजून झालेला नाही अशा भौमितिक रचना. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली त्यांत सिंधुदुर्गातून कुडोपी आहे. जिथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची खूण उघड्या आभाळाखाली पडलेली आहे तिथे माणसं जायलाच हवीत, पण पाय जपून टाकायला हवा. म्हणून अट एवढीच: गावातल्या माहीतगार माणसाला बरोबर घेतल्याशिवाय सड्यावर जाऊ नका. एक तर वाट सापडत नाही, आणि पायाखाली काय आहे ते अनोळखी माणसाला कळत नाही. गाडी सड्यावर चढवू नका. रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नका. दुपारच्या उन्हात आकृत्या विरून जातात, तिरप्या उजेडात त्या वर येतात, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर पोहोचा. सड्यावर सावलीचं झाड नाही. टोपी आणि भरपूर पाणी लागेलच. हिवाळा आणि उन्हाळा योग्य. पावसाळ्यात गवत वाढतं आणि शिल्पं झाकली जातात. लहान मुलं किंवा थकलेली माणसं बरोबर असतील तर हा थांबा सोडून द्या आणि तो वेळ भरतगडाला द्या. इथून पुढे कणकवली स्टेशन सोयीचं पडतं.

वाटेतल्या जेवणाविषयी. या रस्त्यांवर मोठी हॉटेलं नाहीत आणि मला तर ते चांगलंच वाटतं. मसुरे, आचरे, धामापूर भागात घरगुती जेवण मिळतं, पण सकाळी फोन करून माणसं किती ते कळवावं लागतं, कारण मासळी तेवढीच आणली जाते. सुरमई-पापलेटाचा हट्ट धरू नका. त्या दिवशी काय आलं आहे ते विचारा. खाडीकाठी तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर ते सोडू नका, बांगडा ताजा असेल तर तोच घ्या. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मागा. शिरवाळे मिळत असतील तर नारळाच्या गोड रसाबरोबर खाऊन पाहा.

गाडीबद्दल एवढंच की एसटी सगळ्या मोठ्या गावांना जाते, पण दिवसभरात चार थांबे करायचे असतील तर ती पुरत नाही. दोघं असाल तर मालवणात दुचाकी भाड्याने मिळते. कुटुंब असेल तर स्थानिक चालकाची गाडी घ्या. रस्ते अरुंद आहेत, वळणावर समोरून एसटी येते आणि इथल्या चालकाला कुठे थांबायचं ते माहीत असतं. पेट्रोल मालवणात किंवा कुडाळातच भरा. देवळांत गुडघ्याखाली येणारे कपडे असू द्या, गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गावकरी देवापुढे गाऱ्हाणं घालत असतील तर थांबून ऐका आणि बाकीच्यांबरोबर ‘होय महाराजा’ म्हणा.

पावसाळ्यात यायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या: किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. किनारा पाहायला आलेला माणूस त्या दिवसांत निराश होतो. पण धामापूरचा तलाव तेव्हा भरून वाहतो, वालावलचं तळं काठोकाठ असतं, नेरूरपारच्या पुलाखाली कर्ली लाल पाण्याने फुगलेली असते आणि खोल्या निम्म्या दरात मिळतात. रस्त्यावर दरड किंवा पाणी आहे का, ते निघण्याआधी घरमालकाला विचारा.

आणि सगळा बेत कोलमडला, गाडी उशिरा आली, हातात अर्धाच दिवस उरला, तर बाकी सगळं सोडा आणि धामापूर गाठा. मालवणहून जाऊन यायला दोन तास पुरतात.